‘लेगसी’ला मराठीत काय म्हणाल? वारसा, फलश्रुती की कायम कामं?

भाषांतरवाली (नाशिकरोड):
नमस्कार मंडळी. २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला आहेत. त्यावरून एका स्मरणिकेसाठी लेख मराठीत करून द्यायचाय. विषय असा, की एवढी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली तर पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या गावच्या लोकांना काय मिळतं. मूळ लेखात दर दुसऱ्या ओळीला ‘लेगसी’. मी सवयीने ‘वारसा’ लिहीत सुटले आणि चौथ्या पानावर अडकले. तिथे म्हटलंय, लेगसीची आखणी स्पर्धेच्या कितीतरी वर्षं आधी करायला हवी. वारशाची आखणी? आमच्याकडे वारस लागतात ते तलाठ्याकडे, तेही माणूस गेल्यावर. दुसरा शब्द सुचवा.

मखमलाबादकर:
लेगसीच ठेवा की. सगळ्यांना कळतं.

भाषांतरवाली:
सासूबाईंना विचारून पाहिलं. म्हणाल्या, नवीन गाडी आलीय का?

पंचवटीकर:
ताई, अडचण बरोबर हेरलीत. वारसा हा अरबी ‘वारिस’वरून आलेला, आणि वारशात निवड नसते. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ मृत्युपत्र करून मागे ठेवलेलं, म्हणजे ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलेलं. आपल्या वारशात घर येतं तसं कर्जही येतं. मॉन्ट्रियलला १९७६ चं ऑलिम्पिक झालं आणि त्याचं देणं फिटलं २००६ मध्ये. स्पर्धेच्या वर्षी जन्मलेलं पोर तिशीचं झालं तोवर. तिथल्या गोल स्टेडियमचं लाडाचं नाव ‘बिग ओ’. इंग्रजीत ‘देणं असणं’ या क्रियापदाचा उच्चारही ‘ओ’च, म्हणून लोक स्पेलिंग बदलून तेच नाव थट्टेने लिहायला लागले. तेव्हा मॉन्ट्रियलपुरता ‘वारसा’ खुशाल ठेवा.

मला मात्र दुसराच शब्द खुणावतोय. लेखात ‘यजमान शहर’ आलंच असेल. आमच्या गल्लीत यजमान रोज येतात. बाहेरगावचा माणूस गंगेवर (आमच्या गोदावरीवर) उतरला की उपाध्ये आधी गाव आणि आडनाव विचारतात, मग कापडात बांधलेली वही सोडतात आणि त्याच्या पणजोबाची सही काढून दाखवतात. माणूस सहीवरून बोट फिरवत बसतो, मागची रांग खोळंबते. हा यजमान. विधी सांगणारे उपाध्ये, खर्च यजमानाचा आणि पुण्यही यजमानाचंच. ते व्याकरणातच बसवलेलं आहे. यज् हा धातू संस्कृतात परस्मैपद आणि आत्मनेपद अशा दोन्ही पदांत चालतो. याजक दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, स्वतःला फळ मिळावं म्हणून करणारा तो ‘यजते’. क्रियेचं फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद, असं पाणिनीचं सूत्रच आहे. यजमान हा शब्द त्या आत्मनेपदातला. म्हणजे शहराला यजमान म्हटलंत की फळ त्याचं, हे तुम्ही आधीच कबूल केलंत.

आता अथेन्सकडे बघा. २००४ चे खेळ झाले, जुन्या विमानतळाच्या जागेवर बांधलेली हेलिनिकोची मैदानं ओस पडली, त्यात गवत माजलं. मेट्रो आणि ट्राम मात्र लोक आजही वापरतात, तेवढं पुण्य पदरात. बाकी दक्षिणा ज्याची त्याला पोचली.

मखमलाबादकर:
त्या मैदानांना पांढरा हत्ती म्हणतात काका. पोसायला महाग, उपयोग शून्य.

पंचवटीकर:
म्हणतात. पण तो सयामचा, इंग्रजीच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला. आपल्याकडे दारी हत्ती झुलणं ही श्रीमंतीची खूण. एकाच प्राण्याचे हे दोन अर्थ एका परिच्छेदात आले तर वाचणारा गोंधळेल, एवढंच म्हणतो.

मैदानावरचा:
मी पहाटे साडेपाचला पोरं पळवणारा माणूस, व्याकरण काकांचं. ताई, लेखात ‘या स्पर्धेमुळे एक पिढी खेळायला लागेल’ अशा अर्थाचं काही आहे का? असणारच. त्याला फलश्रुती म्हणा. पेपरवाले हा शब्द निष्पत्ती म्हणून वापरतात, ‘बैठकीची फलश्रुती काय’ वगैरे. माझ्या मते तो ढिला वापर. फलश्रुती स्तोत्राच्या शेवटी असते: रोज म्हणा, सहा महिन्यांत फळ मिळेल. म्हणजे ते आधी दिलेलं आश्वासन झालं. प्रत्यक्ष हातात पडतं ते फलित.

लंडनने २०१२ साठी अशीच फलश्रुती ऐकवली होती. दहा लाख नवे लोक खेळायला लावू, हे सरकारी उद्दिष्ट २०११ मध्येच, मशाल पेटायच्या आधी, गुंडाळलं. फलित निराळंच निघालं. लंडनच्याच स्ट्रॅटफर्ड भागातली कारखान्यांनी नासवलेली जमीन साफ होऊन मोठी बाग झाली, खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारतींत कुटुंबं राहायला आली, आणि ज्या तलावात पदकं ठरली तिथे आता तिकीट काढून कोणीही पोहतं. यातलं तलावाचं मला सगळ्यात मोठं वाटतं. कारण सांगतो.

जिल्ह्यात एका तालुक्याला संकुल आहे, नाव घेत नाही. उद्घाटनाला मीही हार धरून उभा होतो. गेल्या उन्हाळ्यात पोरी घेऊन गेलो तर फाटकाला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन लग्नाला. फटीतून डोकावलो तर लांब उडीच्या खड्ड्यात ताडपत्री अंथरून कोणीतरी कांद्याचं बी वाळत घातलेलं. पोरी म्हणाल्या, सर, रस्त्यावर पळू. पळाल्या. बी चांगलं टपोरं होतं, हेही सांगतो. त्या माणसाने निदान जागा वापरली.

आणि उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली. राष्ट्रकुल खेळांत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय बाईने मिळवलेलं ते पहिलं पदक. खर्च दिल्लीचा. पण त्यानंतर माझ्याकडे बाप स्वतः मुलीला मोटारसायकलवर सोडायला यायला लागले. याला कुठला शब्द ते काकांनी सांगावं.

पंचवटीकर:
सर, त्याला शब्द नको. तसंच लिहा.

पालिकेतून निवृत्त:
उशिरा आलो. मी २००३ आणि २०१५ ही दोन्ही सिंहस्थं कार्यालयात बसून काढली. सिंहस्थ काही खेळांची स्पर्धा नव्हे, पण लाखो पाहुणे ठरल्या तारखेला येणार आणि नंतर गाव आपल्यालाच वापरायचंय, हा हिशेब तोच. आमच्या आराखड्यात दोन रकाने असत, कायमस्वरूपी कामं आणि तात्पुरती कामं. साधुग्रामचे (साधूंच्या मुक्कामाच्या वस्तीचे) पत्रे, बॅरिकेडिंग, फिरती शौचालयं ही तात्पुरती. पूल, रिंगरोड, घाट, जलवाहिनी ही कायम. कुठलं काम कुठल्या रकान्यात, यावरच खरी भांडणं. २०१५ ला नाशकात पर्वण्या तीन, २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबर. रस्ता या तीन दिवसांच्या गर्दीच्या मापाने बांधायचा, की पुढच्या सिंहस्थापर्यंतच्या चार हजारांवर दिवसांच्या? (बाहेरच्यांसाठी: तुम्ही ‘क्रिकेटप्रेमींना पर्वणी’ लिहिता. आमच्याकडे पर्वणी म्हणजे शाहीस्नानाची तारीख, आणि त्या दिवशी घरातून गाडी काढता येत नाही.)

लंडनवाल्यांनी रकाने नीट पाडले होते. स्टेडियम ८०,००० चं, पण कायमच्या खुर्च्या २५,००० धरून आराखडा केला. तलावाला दोन्ही बाजूंनी तात्पुरत्या गॅलऱ्या जोडून १७,५०० लोक बसवले, खेळ संपल्यावर त्या उतरवल्या, राहिल्या २,५०० जागा. बास्केटबॉलचा तर मांडवच म्हणा, उभारला आणि काढून टाकला. पुढे स्टेडियम फुटबॉल क्लबला द्यायचं ठरलं आणि बदल करताना खर्च कुठल्या कुठे गेला. रकाना मध्येच बदलला की असंच होतं, हे मी अनुभवाने सांगतो.

तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडायच्या प्रस्तावावर गाव पेटलं, तेही याच रकान्यांचं भांडण. काम तात्पुरतं, तोड कायमची.

ताई, तुमच्या चौथ्या पानावर ‘कायम कामांचा आराखडा’ घाला. वाक्य आपोआप चालेल.

भाषांतरवाली:
साहेब, घातलं आणि चाललं! पण बार्सिलोनाचं काय करू? १९९२ च्या आधी त्या शहराचा किनारा कारखान्यांनी आणि रेल्वेच्या रुळांनी अडवलेला होता. खेळांसाठी ते हलवलं आणि शहराला चक्क समुद्रकिनारा मिळाला. हे ‘काम’ म्हणून फार कोरडं वाटतं.

पंचवटीकर:
तिथे ‘निमित्त’ वापरा. किनारा मोकळा करायला हवा हे तिथल्यांना दिसत नव्हतं थोडंच. खेळ हे निमित्त. आपल्याकडे नाही का, दहा वर्षं रखडलेला रस्ता सिंहस्थाच्या नावावर होऊन जातो, आणि मग लोक पत्ता सांगताना म्हणतात, ‘मागच्या सिंहस्थात झाला ना, त्या रस्त्याने या.’

मखमलाबादकर:
मी मघापासून गप्प आहे, आता एक सांगू? दिल्लीला १९८२ चे आशियाई खेळ झाले. अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही, हे सगळ्यांना आठवतं. पण महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं? एसटीची ‘एशियाड’! त्या खेळांच्या निमित्ताने निघालेल्या गाड्यांवरून आपल्या निमआराम गाडीला ते नाव चिकटलं. पुढे महामंडळाने हिरकणी नाव दिलं तरी आई अजून स्टँडवर विचारते, ‘एशियाड कितीला?’ चाळीस वर्षं झाली. आईला त्या खेळांत कोण जिंकलं यातलं काही ठाऊक नाही, पण एशियाडला लाल गाडीपेक्षा तिकीट जास्त आणि ती मधल्या गावांना थांबत नाही, हे पक्कं माहीत.

पालिकेतून निवृत्त:
आणि बालेवाडी? १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी संकुल झालं, २००८ ला तिथेच राष्ट्रकुल युवा खेळ झाले. आता पोरगं ‘बालेवाडीला निवड झाली’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गाव नसतं, मैदान असतं.

मैदानावरचा:
माझ्या पोरी बालेवाडीला जातात त्या एशियाडनेच. घ्या, दोन्ही एका तिकिटात.

भाषांतरवाली:
मंडळी, लेख परत बसवला. मॉन्ट्रियलला वारसा, यजमानपद मागताना दिलेल्या वचनांना फलश्रुती, प्रत्यक्ष मिळालं त्याला फलित, आखणीच्या भागात कायम कामं. बार्सिलोनाला निमित्त. मथळा ‘खेळ झाल्यावर गावाला काय?’ असा दिलाय, संपादकांनी ठेवला तर. यजमानाच्या आत्मनेपदासाठी पंचवटीकर काकांना न विचारता एक चौकट टाकलीय.

एक राहिलंच. लंडनला ७०,००० व्हॉलंटिअर होते. ‘स्वयंसेवक’ लिहू की ‘सेवेकरी’?

मखमलाबादकर:
सेवेकरी लिहिलंत तर निम्मा जिल्हा म्हणेल, दिंडोरीच्या स्वामी समर्थ केंद्रातून एवढी माणसं लंडनला गेली कधी?