आधी मदरबोर्ड पाहावा, मग ग्राफिक्स कार्ड

२०१७ साली जोडलेल्या, इंटेलचा सातव्या पिढीचा आय५-७४०० प्रोसेसर असलेल्या संगणकात केवळ नवे ग्राफिक्स कार्ड बसवावे की सगळाच संगणक बदलावा, असा आपला प्रश्न आहे. माझे मत सगळा संगणक बदलण्याच्या बाजूचे आहे. हा प्रोसेसर चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चारच थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचा) आहे, त्याच्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, आणि विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलसाठी, मोजके अपवाद वगळता, त्या आठव्या पिढीपासूनच सुरू होते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला.

त्याच वर्षीचा एएमडी कंपनीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर असता, तर मी उलट सांगितले असते. माझ्या तशाच जुन्या एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरची खाच असलेल्या) मदरबोर्डावर बायोस, म्हणजे बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून मी रायझन ५ ५६०० बसवला. जुन्या चिपवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळून गेली होती, ती पुसून नवी लावली, आणि रॅम, कॅबिनेट, एसएसडी सगळे तेच राहिले.

तरीही कार्डच घ्यायचे असेल, तर आधी खेळ चालू असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर पाहावा, त्यात कोणता भाग किती वापरात आहे ते दिसते. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल, तर नव्या कार्डाने फारसे काही हाती लागणार नाही.