गाणं संपल्यावर तुम्ही काय केलंत?

युद्धात सापडलेल्या मुलांवरचं एखादं गाणं पडद्यावर पाहिलं आणि घसा दाटून आला, इथवर सगळ्यांचं सारखंच. त्यापुढचं लिहा. पैसे पाठवलेत, वेळ दिलात, फसलात किंवा काहीच केलं नाहीत, सगळं चालेल. सुरुवात मी करते.

माझं गाणं 'मिस सारायेव्हो'. १९९५ चं. यू-टू या आयरिश बँडच्या मंडळींनी संगीतकार ब्रायन ईनोबरोबर 'पॅसेंजर्स' या नावाने केलेलं, सोबत इटालियन ऑपेरा गायक पावारोत्ती. बॉस्नियाच्या युद्धात तिथली राजधानी सारायेव्होला वेढा पडून तेव्हा तीन वर्षं उलटली होती. त्याच वेढ्यात १९९३ साली झालेल्या सौंदर्यस्पर्धेची दृश्यं व्हिडिओत आहेत. मुली ओळीने उभ्या राहून फलक धरतात: 'त्यांना आम्हाला मारू देऊ नका'. मुकुटासाठी नटलेल्या मुलींच्या हातात असा फलक! मला ते झेपलंच नाही.

गाण्याचा पैसा युद्धात सापडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'वॉर चाइल्ड' या संस्थेसाठी होता. तिने बॉस्नियातल्याच मोस्तार शहरात पावारोत्तींच्या नावाचं संगीतकेंद्र उभारलं, १९९७ मध्ये सुरू झालं. हे कळल्यावर आधी मी चिडलेच. घरं पडलीत आणि यांना ढोल सुचतायत? मग कळलं की ते केंद्र व्हायच्या आधीपासून हीच संस्था बॉस्नियात फिरती बेकरी चालवून पाव वाटत होती. आणि मुलांच्या मानसोपचारात काम करणारी माझी बहीण म्हणाली, "जे मूल बोलायचंच थांबलंय, ते कधीकधी आधी ढोल वाजवतं, मग बोलतं." तेव्हापासून दरमहा थोडी रक्कम जाते. नोकरी गेली तेव्हा वर्षभर बंद होती, तेही सांगून टाकते.

*

पाहिलं. रडलो. दहा जणांना पाठवलं. झोपलो. खोटं कशाला बोलू?

*

आम्ही उत्साहाच्या भरात घरोघरी फिरून कपडे आणि खेळणी जमवली. अकरा खोकी! संस्थेला फोन केला तर पलीकडच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, वस्तू नकोत, जमल्यास पैसे द्या. तेव्हा अपमान वाटला. आता पटतं. खोकी निवडायला माणसं लागतात, न्यायला गाडी लागते, सीमेवर अडकली की गोदामाचं भाडं चढतं. पैसे मिळाले तर तिथल्याच बाजारात हवं ते, हव्या त्या मापाचं घेता येतं, आणि तिथल्या दुकानदाराचीही चूल पेटते. एक खोकं अजून माळ्यावर आहे. त्यातल्या अस्वलाला एकच डोळा आहे. असलं अस्वल आपण कुणाला देणार होतो, हे आठवलं की मान खाली जाते.

*

मी शिक्षक. नववीच्या वर्गाला इमॅन्युएल जालबद्दल सांगितलं, त्याचं एक गाणं दाखवलं. सुदानच्या यादवीत लहानपणीच हातात बंदूक आली, पुढे एका मदतकार्यकर्तीने त्याला गुपचूप केनियात नेलं, तिथे शाळा आणि मग गाणं. वर्ग शांत झाला होता. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मग त्याने माणसं मारली असतील का?"

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. मग कायद्याचा आधार घेतला: बालहक्क कराराला जोडलेला एक करार १२ फेब्रुवारी २००२ पासून लागू आहे, त्यानुसार अठरा वर्षांखालच्यांना प्रत्यक्ष लढाईत उतरवता येत नाही. दोष आधी बंदूक देणाऱ्याचा. पोराने मान हलवली, पण त्याला हे उत्तर पुरलं नव्हतं हे मला दिसत होतं. मदतीची पेटी पोरांनीच वर्गात ठेवली, मी सुचवली नव्हती.

*

वर "झोपलो" लिहिणाऱ्या दादांना: अहो, निदान खरं लिहिलंत. मी उलट टोकाची. जो व्हिडिओ दिसेल त्या युद्धासाठी पैसे. मग लक्षात आलं की माझी मदत कॅमेऱ्यामागून फिरतेय. सुदानात एप्रिल २०२३ पासून पुन्हा युद्ध पेटलंय, त्यावरचं एकही गाणं माझ्यापर्यंत पोचलं नाही. आता युनिसेफला देते (त्यांचं सगळंच काम ऐच्छिक देणग्यांवर चालतं) आणि 'जिथे गरज असेल तिथे वापरा' हा पर्याय निवडते.

*

थोडं कडू लिहितो. मी देणगी देतो, पण असे व्हिडिओ पुढे पाठवणं सोडलंय. धुळीने माखलेल्या त्या मुलाला कुणी विचारलं होतं का? तो मोठा होईल, आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस संथ चालीच्या गाण्यावर जगभर फिरत असेल. माझ्या मुलीचा शाळेतला फोटो कुणी न विचारता टाकला तर मी भांडायला जातो.

*

धागा काढणारी पुन्हा मीच. हा मुद्दा काल रात्रभर डोक्यात राहिला. मी मनात म्हणत होते, माझ्या गाण्यातल्या मुलींना कॅमेरा दिसत होता, फलक त्यांनी स्वतः धरला होता. मग आज आठवलं, मुकुट जिंकणारी तेव्हा १७ वर्षांची होती. सरांनी सांगितलेल्या कायद्याने तीही मूलच.