सीबी-८३९ हे औषध डिशमध्ये चालतं, उंदरात नाही. खाद्यातून ग्लुटामाइन काढावं का?

पेशीपाल
ए५४९ (माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या) पेशी, आरपीएमआय १६४० मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रव), १० टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचं सीरम). ग्लुटामिनेज (ग्लुटामाइनचं ग्लुटामेट करणारं विकर) अडवणारं सीबी-८३९ घातलं की डिशमधली वाढ जवळपास थांबते. याच पेशींचा उंदरातला ट्यूमर मात्र दाद देत नाही. औषध ट्यूमरपर्यंत पोचतं, हे तपासलंय. खाद्यातूनच ग्लुटामाइन काढलं तर फरक पडेल?

मायटो
खाद्याला हात लावण्याआधी मीडियम बघा. आरपीएमआयमध्ये सिस्टिन (सिस्टीन नव्हे, दोन सिस्टीन जोडून बनलेला रेणू) सुमारे २०० मायक्रोमोलर असतं, रक्तात त्याहून बरंच कमी. पेशीच्या पटलातल्या एक्ससीटी वाहकातून सिस्टिनचा एक रेणू आत आला की एक ग्लुटामेट बाहेर जातं. बाहेर सिस्टिन भरपूर, तर ग्लुटामेटची गळती अखंड. ती भरून काढायला ग्लुटामिनेज लागतं, म्हणून ते अडवलं की पेशी कोलमडते. ए५४९ मध्ये केईएपी१ हे लगाम घालणारं प्रथिन बिघडलेलं असल्याने एनआरएफ२ (जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकाट सुटतं, एक्ससीटी वाढतं आणि गळती आणखी मोठी होते.

सिस्टिनविरहित आरपीएमआय आणून २००, ५० आणि २० मायक्रोमोलरवर तोच डोस लावा. शून्यावर नेऊ नका, सिस्टीनपासून बनणारं संरक्षक ग्लुटाथायोन संपून पेशी फेरोप्टोसिसने (लोहामुळे मेदाचं ऑक्सिडेशन होऊन येणाऱ्या मृत्यूने) मरतील आणि औषधाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. सिस्टिन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात स्टॉक करा आणि मीडियमचा पीएच पुन्हा तपासा.

सीरमवाला
एफबीएस डायलाइज्डच (लहान रेणू गाळून काढलेलं) हवं. साध्या सीरममधून अमिनो आम्लं येतात आणि तुमचे २० मायक्रोमोलर नावापुरतेच उरतात. कमी मात्रेत दुसरी अडचण म्हणजे दाट पेशी पोषकद्रव्य एका दिवसात संपवतात. पेशी विरळ पेरा, मीडियम जास्त घाला, रोज बदला. २४ तासांनी वापरलेल्या मीडियममध्ये किती उरलंय ते मोजा.

आणि एमटीटी (रंगबदलावरून पेशी मोजायची चाचणी) वापरू नका. ते पेशींची संख्या मोजत नाही, त्यांची क्षपणक्षमता (इलेक्ट्रॉन देण्याची ताकद) मोजते, आणि तुम्ही नेमका चयापचयच बदलताय. केंद्रकं रंगवून मोजा.

चारापाणी
खाद्यातलं ग्लुटामाइन काढून फारसं हाती लागणार नाही. रक्तात सर्वाधिक असणारं मुक्त अमिनो आम्ल तेच, साधारण अर्धा मिलिमोलर, आणि स्नायू ते सतत बनवून सोडतात. ल्युकेमियातही अ‍ॅस्पॅराजिन खाण्यातून कमी करत नाहीत. अ‍ॅस्पॅराजिनेज टोचून ते रक्तातच तोडतात, कारण त्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही.

खाद्यातून रक्तातली पातळी खरोखर उतरते ती सेरीन-ग्लायसिनची. पण ट्यूमरमध्ये पीएचजीडीएच (सेरीन बनवण्याचं विकर) भरपूर असेल तर तो सेरीन स्वतः बनवतो, म्हणून आधी वेस्टर्न ब्लॉट करून ते प्रथिन किती आहे ते बघा. दोन्ही गटांना शुद्ध अमिनो आम्लांचंच खाद्य द्या, नेहमीच्या गोळ्या कंट्रोल म्हणून चालत नाहीत. खाद्य आणि उंदीर दोन्ही वजन करत राहा. उंदरांनी चव न रुचून कमी खाल्लं तर इन्सुलिन उतरतं, ट्यूमर त्यानेच मंदावतो आणि श्रेय सेरीनला जातं. नियंत्रित गटाला तेवढंच मोजून दिलं तर हा घोळ टळतो.

रक्त दर वेळी दिवसाच्या ठरावीक वेळीच घ्या आणि लगेच बर्फावर ठेवून प्लाझ्मा वेगळा करा. उशीर झाला तर तांबड्या पेशी ग्लुकोज खात राहतात. हिमोलिसिस झालं, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले घटक प्लाझ्मात मिसळतात, त्यामुळे लालसर दिसणारा नमुना बाद करा.