पाकिटावर लिहिलंय म्हणून केस रंगवता येतात का?

टेलकंगवा
‘घरचा आरसा’ यांनी काल लिहिलं, की केसांच्या रंगासाठी पार्लरमध्ये दोन हजार मोजणं हा निव्वळ आळस आहे, पाकिटावर पाच चित्रं असतात, ती बघून कुणालाही जमतं. ते वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

डोक्यावरचा प्रत्येक केस मुळापासून शेंड्यापर्यंत सारखाच आहे असं धरून ती चित्रं काढलेली असतात. केस तसा कधीच नसतो. मुळाजवळचा एक-दीड सेंटिमीटर टाळूच्या उबेत असतो, तिथे रंग लवकर चढतो. महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढ धरली तर खांद्याखाली गेलेले शेंडे तीन-तीन वर्षांचे असतात. त्यांच्यावरचे बारीक खवले उघडलेले असतात आणि ते रंग भसाभसा पितात. घरी होतं काय, तर दर महिन्याला मुळांना ट्यूब लावायची आणि वाटीत उरलेला रंग ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून शेंड्यांपर्यंत ओढायचा. सहा महिन्यांत शेंडे कोळशासारखे, मुळं तपकिरी आणि मध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा. मग तो काळेपणा घालवायला फिकट शेडची ट्यूब आणतात. रंगाने रंग उतरत नाही, हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नसतं. चढलेला कृत्रिम रंग काढायचा तर बहुधा ब्लीच लागतं, आणि तिथून केस तुटायला सुरुवात होते.

दुसरं म्हणजे बरगंडी, ती जांभळट लाल शेड. पाकिटावरच्या बाईचे केस मुळात तपकिरी असतात. निम्मे पिकलेल्या डोक्यावर तीच ट्यूब लावली की पांढरे केस गुलाबी-लाल झळकतात आणि काळे केस होते तसेच राहतात. पार्लरमध्ये आम्हाला रोज अशी डोकी दुरुस्त करावी लागतात. दुरुस्तीला रंगापेक्षा चौपट वेळ आणि पैसा जातो.

घरचा आरसा
ताई, तुम्ही घरी रंगवण्याच्या चुका सांगितल्यात. घरी रंगवणं चूक का, ते कुठेच सांगितलं नाहीत. योग्य पद्धत अवघड नाही, फक्त ती कुणी नीट लिहीत नाही. मी लिहितो.

केस धुऊन एक दिवस झालेला असावा, तेल नको. प्लॅस्टिकची वाटी, ब्रश, शेपटीचा कंगवा, हातमोजे, चार चिमटे. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन. मधला भांग आणि कानापासून कानापर्यंत आडवा भांग पाडून चार भाग करायचे. फक्त मुळं करायची असतील तर ३० ग्रॅम रंग पुरतो, ६० ग्रॅमची अख्खी ट्यूब पिळायची गरज नाही. डेव्हलपर, म्हणजे रंगात कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण, त्या ट्यूबवर लिहिलेल्या प्रमाणातच, कुठे एकास एक असतं, कुठे एकास दीड. कानशिलांपासून सुरुवात करायची, कारण तिथले पांढरे केस सर्वांत चिवट. अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने भांग पाडत ब्रशने रंग *ठेवायचा*, चोळायचा नाही. जुन्या रंगाच्या सीमेवर थांबायचं. घड्याळ शेवटचा ब्रश टेकल्यावर लावायचं, पहिला टेकल्यावर नाही. पिके केस जास्त असतील तर ३५ मिनिटं. दहाव्या मिनिटाला केस काळे दिसायला लागतात म्हणून लोक धुऊन टाकतात. तेव्हा आतल्या रंगकणांची जोडणी अर्धवट असते, म्हणून आठवड्यात रंग ओघळतो. कालवलेला रंग झाकण लावून ठेवायचा नाही, त्यातून प्राणवायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

यातलं काय पार्लरशिवाय जमणार नाही? आणि पार्लरमध्ये काय होतं तेही लिहा की. लिटरची डेव्हलपरची बाटली झाकण उघडं ठेवून महिनोन्‌महिने वापरतात, तिचा जोर उतरलेला असतो. घाई असली की पांढऱ्या केसांना जादा जोराचं, ३० व्हॉल्यूमचं डेव्हलपर मारतात. रंग कुठल्या डब्यातून आला ते गिऱ्हाइकाला कळत नाही. घरी निदान खोका हातात असतो.

लेबलवाचक
३० व्हॉल्यूमचा मुद्दा बरोबर आहे. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे झाकायला ६ टक्के लागतं. ९ टक्क्यांनी शेजारच्या काळ्या केसांचा नैसर्गिक रंग उतरतो आणि मुळाशी तांबूस झाक येते. गिऱ्हाइकाला वाटतं, रंगच हलका होता.

पण ‘खोका हातात असतो’ याचा उपयोग खोका वाचणाऱ्यालाच. समोर मोठ्या अक्षरांत ‘अमोनिया-फ्री’ लिहिलेलं असतं, तेवढंच वाचून लोक निर्धास्त होतात. अमोनियाच्या जागी बहुधा मोनोइथेनॉलअमाइन असतं. ते उडून जात नाही म्हणून वास येत नाही, पण केसाचे खवले तेही उघडतं. आणि त्वचेला ज्याची भीती आहे ते पॅरा-फिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, अमोनिया-फ्री खोक्यातही असू शकतं. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा.

सोजतवाली
एवढी रसायनशास्त्राची उजळणी करण्यापेक्षा मेंदी लावा ना! आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका मेंदीच लावत आल्या. घरीही जमते, पार्लरचा खर्च नाही, ॲलर्जीची भानगड नाही. हल्ली काळी मेंदीही मिळते, अर्ध्या तासात काम होतं.

त्वचेची बाजू
थांबा. ‘काळी मेंदी’ आणि ‘ॲलर्जीची भानगड नाही’ ही दोन वाक्यं एकत्र लिहू नका, वाचून कुणीतरी लावेल.

मेंदीच्या पानातला लॉसोन हा एकच रंग देतो, नारिंगी ते तांबडा. तो काळा होत नाही. अर्ध्या तासात काळं करणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी असतं, आणि मेंदीचं नाव बघून माणूस हातमोजेसुद्धा घालत नाही. युरोपात केसांच्या रंगात कालवल्यानंतर पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही. लग्नात-जत्रेत हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढतात त्यात ते किती असतं हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं. अनेकांच्या शरीराला पीपीडीची ओळख तिथेच होते, आणि पुढे कधीतरी केस रंगवल्यावर कपाळ, कान, पापण्या सुजतात. ही ॲलर्जी लावल्या लावल्या दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. एकदा झाली की सहसा जन्मभर राहते.

सोजतवाली
मी शुद्ध मेंदीबद्दलच बोलत होते. काळ्या पुडीचा उल्लेख ओघात आला. आमच्या सासूबाई २२ वर्षं तीच पुडी लावतात, काही झालं नाही त्यांना.

त्वचेची बाजू
२२ वर्षं काही झालं नाही याचा अर्थ तेविसाव्या वर्षी होणार नाही असा नाही. वारंवार संपर्क आल्यावरच शरीर चिडायला शिकतं. चाचणी म्हणूनच दर वेळी करायची. कालवलेला थेंबभर रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, खोक्यावर सांगितलेला वेळ ठेवायचा, आणि ४८ तास वाट बघायची. खाज, पुरळ, लाली आली तर तो रंग डोक्याला लावायचा नाही. ज्याला काळ्या मेंदीच्या नक्षीने आधी खाज-पुरळ आली आहे त्याने तर घरी ही चाचणीही करू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. आणि शुद्ध मेंदी सगळ्यांनाच निर्धोक असंही नाही. जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्या लहान मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीने फुटल्याच्या नोंदी आहेत.

आवळकाठी
शुद्ध मेंदीनेही काळं करता येतं, दोन टप्प्यांत. राजस्थानातल्या सोजतची मेंदी घ्या. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून दोन ते चार तास लावा, नुसत्या पाण्याने धुवा. मग नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड, तमिळनाडूतल्या तिंडिवनमकडची चांगली येते. ती रात्रभर भिजवायची नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून १०-१५ मिनिटांत वापरायची, तासाभरात तिचा जोर जातो. केसांवर तासदीडतास ठेवा. दोन दिवस शाम्पू नको, हवा लागून रंग गडद होतो. एकाच वाडग्यात दोन्ही कालवलं तर काळा येत नाही, तपकिरी येतो.

आणि मेंदी लोखंडी कढईत भिजवणं बंद करा. त्याने काही होत नाही.

सोजतवाली
काही होत नाही कसं? चहाचं पाणी, आवळा पूड आणि लोखंडी कढई, सकाळी तो लगदा काळाशार असतो. डोळ्यांनी दिसतं ते खोटं?

आवळकाठी
लगदा काळा होतो, केस नाही. चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि लोह मिळून जो काळा पदार्थ होतो तो केसावर वरवर बसतो, दोन धुण्यांत जातो. शिवाय गरम पाण्यात, उकळत्या चहात मेंदी कालवून रात्रभर ठेवलं की लॉसोन सुटून वायाही गेलेला असतो. वर आलेली तपकिरी साय ही त्याचीच खूण. ती बघून लोक म्हणतात, रंग छान उतरलाय! तो वाटीतच उतरलेला असतो.

सोजतवाली
तुम्ही परंपरेला अडाणीपणा ठरवताय. दोन धुण्यांत जातो म्हणालात, म्हणजे चढतो हे तुम्हीच कबूल केलंत. मुळं थोडी कमी भगवी दिसावीत एवढंच बायकांना हवं असतं, ते कढईने होतं.

लेबलवाचक
दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि भांडण भलतीकडे चाललंय. लोह-टॅनिनने भगवेपणा मंदावतो, पण टिकत नाही. लिंबाऐवजी आवळा घातला तर मेंदीचा लाल कमी भडक येतो, आणि लिंबाने होतात तसे केस राठ होत नाहीत. एवढ्यावर थांबा.

टेलकंगवा
नाही, थांबू नका, कारण हीच मेंदी पुढे आमच्या खुर्चीत येते. वर्षानुवर्षं मेंदी आणि नीळ लावलेल्या केसांवर ब्लीच टाकलं की हिरवट झाक उठते. काही मिश्र पुड्यांत धातूचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, मऊ पडतो, तुटतो. म्हणून आधी केसांची एक बट कापून ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि अमोनियाचे २० थेंब यांत अर्धा तास बुडवून बघायची. गरम झाली, बुडबुडे आले, रंग झटकन बदलला, तर त्या डोक्याला रासायनिक काहीही लावायचं नाही. ही परीक्षा घरी कोण करतं?

घरचा आरसा
आणि पार्लरमध्ये कोण करतं? तुम्ही करत असाल. दारात शिरल्यावर ‘कानामागे थेंब लावून परवा या’ असं सांगणारी पार्लरं शोधावी लागतात. त्यांना आजच गिऱ्हाईक बसवायचं असतं, आणि रंगासोबत केस सरळ करणारं केराटिन गळ्यात मारायचं असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत छापून आली. पार्लरमध्ये केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडांना तीनदा इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल होतं. ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून तेच विकतात. घरच्या ट्यूबला नावं ठेवण्याआधी हे बघा.

टेलकंगवा
केराटिनबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. बाटलीवरची यादी न दाखवता ते करणारं पार्लर असेल तर उठून यावं. चाचणी न करणं हाही आमच्या धंद्याचा गुन्हाच आहे. पण त्याचं उत्तर ‘चाचणी मागा’ हे आहे, ‘घरी जा’ हे नाही.

लेबलवाचक
चाचणीबरोबर हवाही मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायात होणारा रसायनांचा संपर्क ‘२-ए’ गटात, म्हणजे बहुधा कर्करोगकारक, ठेवला आहे. स्वतःच्या केसांपुरता वापर ‘३’ गटात, म्हणजे ठरवण्याइतका पुरावा नाही. खिडकी नसलेल्या गाळ्यात दिवसाला दहा डोकी रंगवणाऱ्या मुलींना कुणी धड हातमोजे देत नाही, यावर या चर्चेत एक ओळ आली नाही.

टेलकंगवा
तुमची ही ओळ प्रत्येक पार्लरमालकाने वाचावी.

आता मूळ मुद्दा. घरचा आरसा, तुमची पद्धत मी दोनदा वाचली. मुळांपुरतं, एकाच गडद शेडमध्ये, २० व्हॉल्यूमवर, शेंड्यांना हात न लावता, असं कुणी करणार असेल तर माझी हरकत मागे. काल तुम्ही हे लिहिलं नव्हतं, ‘पाच चित्रं’ लिहिलं होतं. पण ब्लीच घरी नाही, यावरून मी हलणार नाही. काळा केस आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. घरी तो नारिंगीवर अडकतो आणि माणूस घाबरून त्यावर राखाडी ट्यूब फासतो, मग चिखलासारखा रंग येतो. नारिंगीला निळा टोनर, म्हणजे नको ती झाक मारणारा रंग, लागतो, पिवळ्याला जांभळा. डोक्याची मागची बाजू कुठल्या टप्प्यावर आहे ते स्वतःला दिसत नाही. स्मूदनिंग, म्हणजे रसायनाने सरळ-मऊ केलेल्या केसावर तर ब्लीचने बट हातात येते.

घरचा आरसा
ब्लीच सोडलं. मागच्या भागाचंही खरं आहे, दोन आरसे लावले तरी हात उलटा चालतो. तिथे घरातलं कुणीतरी लागतं. पण महिन्याच्या मुळांसाठी दोन हजार नाहीच.

सोजतवाली
मला एवढंच सांगा, निम्मे पांढरे आहेत आणि बरगंडीच हवा आहे. घरी होईल का? मेंदीचा विषय मी संपवला.

टेलकंगवा
होईल. ६० ग्रॅम लागणार असेल तर ३० ग्रॅम बरगंडी आणि ३० ग्रॅम तेवढ्याच गडद पातळीची साधी नैसर्गिक शेड, म्हणजे बरगंडी ४.२० असेल तर ४.०. कंपनी एकच हवी. डेव्हलपर २० व्हॉल्यूम, कानशिलांपासून सुरुवात, ३५ मिनिटं. केसांत आधीची काळी पुडी असेल तर बरगंडी लांबीला उठणार नाही, फक्त मुळांना उठेल. आणि त्या पुडीचे दोन महिने झाले असले तरी कानामागचा थेंब आधी, पूर्ण ४८ तास.