जमिनीखालची टाकी : सोसायटीने काम मंजूर करण्याआधी

बी-४०३: ठेकेदाराच्या कागदात फक्त ‘खड्डा खणणे, टाकी ठेवणे, माती भरणे’ लिहिलंय. साडेतीन मीटर खोल खड्डा आणि बाजूंना आधार नाही. हे असं मंजूर करू नका.

सचिव: आधार म्हणजे नेमकं काय लिहून घ्यायचं?

बी-४०३: दीड मीटरपेक्षा खोल जायचं असेल तर बाजूंना फळ्या-टेकू, नाहीतर बाजू उतरत्या कापायच्या. ‘माती घट्ट आहे’ हे ऐकू नका. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. उपसलेली माती कडेपासून दीड मीटर लांब टाकायची. शिडी कडेच्या वर मीटरभर यायला हवी. पाऊस पडून गेला की आधी कडांच्या भेगा बघायच्या, मगच उतरायचं.

ए-१०२: पावसाळ्यात टाकी वर येते म्हणतात, ते खरं का?

बी-४०३: रिकामी असेल तर हो. १० हजार लिटरची टाकी भूजलात पूर्ण बुडाली की १० टनांच्या जोराने वर ढकलली जाते, आणि प्लास्टिकच्या टाकीचं वजन त्यापुढे काहीच नाही. म्हणून खाली काँक्रीटचा स्लॅब आणि टाकी त्याला पट्ट्यांनी बांधलेली. स्लॅबचा हिशोब करताना घनमीटरला २.४ टन धरतात, तिथेच चूक होते. पाण्याखाली त्याचं वजन १.४ टनच उरतं.

सचिव: आणि भरण?

बी-४०३: वाळू किंवा बारीक खडी, चारही बाजूंनी सारखी, २०-३० सेंमीच्या थरांनी. विटांचे तुकडे, डबर अजिबात नको, टोचून टाकी फाटते. बाहेर जितकं भरण चढेल तितकंच पाणी आत चढवत न्यायचं, नाहीतर टाकी आत दबते.

डी-२०१: शेजारच्या जुन्या काँक्रीटच्या टाकीबद्दलही लिहितो, कारण जोडणीसाठी त्यात माणूस उतरणार. बंद टाकीत लाकडी शटरिंग (काँक्रीट ओतताना लावलेला साचा) कुजतं, सळ्या गंजतात, दोन्ही ऑक्सिजन खातात. वास येत नाही, माणूस कोसळतो. मीटरने वर, मध्ये, तळाशी ऑक्सिजन मोजायचा, तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. पंख्याने हवा खेळती ठेवायची. पेट्रोलचा पंप आत नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो.

ए-१०२: कोणी आत पडलाच तर?

डी-२०१: त्याला काढायला मागोमाग उतरायचं नाही, दुसराही तिथेच पडतो. म्हणूनच उतरणाऱ्याला आधीच हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), टाकीच्या तोंडावर दोरीने वर ओढायची तिपाई-चरखी, आणि वर एक माणूस कायम. बाहेरूनच ओढून काढायचं आणि अग्निशमन दलाला फोन.

सचिव: चारही गोष्टी करारात टाकतो: टेकू, स्लॅबचा लेखी हिशोब, भरणाची पद्धत, हवेचा मीटर. त्याशिवाय खोदाई नाही.