गंभीरा पुलानंतर: दुरुस्तीचे पैसे कुणाच्या खिशातून?

दांडियाबाजारकर
वडोद्याच्या दांडिया बाजारातून रोज स्कूटरने पादऱ्याला कारखान्यात जातो. 9 जुलै 2025 ला सकाळी महिसागर नदीवरचा गंभीरा पूल पडला तेव्हा आम्ही पहिल्या पाळीचे लोक चहा घेत होतो. पूल 1985 चा. किमान 20 माणसं गेली. तो टँकर तुटलेल्या टोकावर कितीतरी दिवस तसाच लटकत होता, तुम्हीही टीव्हीवर पाहिला असेल.

नंतर इंजिनिअर निलंबित झाले, चौकशी बसली, राज्यभर पूल तपासायला पथकं निघाली. बरं झालं. पण तपासणीत जे सापडेल ते दुरुस्त करायला पैसा कुठला, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं: गुजरातने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया फक्त दुरुस्तीसाठी घ्यावा. नवा रस्ता नाही, रुंदीकरण नाही, दिव्यांची रोषणाई नाही. खातं वेगळं आणि दरवर्षी त्याचा हिशेब छापून यायला हवा. मला महिन्याला अठरा-वीस लिटर लागतं, म्हणजे वीस रुपये. त्यात शेवउसळीची प्लेटही येत नाही. मी द्यायला तयार आहे. तुम्ही?

रावपुऱ्याचे काका
मी नाही. गाडी घेताना रोड टॅक्स भरला. पेट्रोलवर केंद्राची एक्साइज, त्यातच रस्त्याच्या नावाचा सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा उपकर. वर राज्याचा व्हॅट, आणि त्यावर गुजरातचा 4 टक्के सेस आहेच. अहमदाबादला एक्सप्रेसवेने गेलो की टोल. आता पाचव्यांदा खिशात हात घालू म्हणता?

आणि ही युक्ती नवी नाही बरं का. काढणारा आपलाच माणूस. 1927 साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. मोटारी वाढल्या, रस्त्यांचा खर्च प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपत नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांनाच द्या, असं तिने सांगितलं. 1929 मध्ये गॅलनला दोन आणे घेऊन केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. 2000 साली त्याचा नवा कायदा आला. 2018 मध्ये नावात ‘पायाभूत सुविधा’ घातलं आणि रस्त्याच्या पंगतीला बाहेरचे पाहुणे येऊन बसले. शिवाय केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो, त्या वाटपात सेसचा पैसा येत नाही, राज्याला त्यातला हक्काचा वाटा मिळत नाही. तुमच्या एक रुपयाचं काय होणार ते मला आत्ताच दिसतंय.

दांडियाबाजारकर
काका, तो केंद्राचा निधी. मी राज्याच्या खात्याबद्दल बोलतोय.

रावपुऱ्याचे काका
राज्याचा 4 टक्के सेसही राज्याचाच आहे की! आधी त्याचा हिशेब मागा.

हिशेबनीस
मी सरकारी खात्याच्या लेखाशाखेत तीस वर्षं काढली. खातं कुठलं ते विचारू नका. दोघंही पैसा आणायचा कुठून यावर भांडताय. पैसा कुठल्या शीर्षाखाली बसतो, हे कुणी बघत नाही.

सरकारी हिशेबात रस्ते-पुलांची दोन मुख्य शीर्षं असतात. 5054 म्हणजे भांडवली खर्च: नवा पूल, नवा रस्ता. 3054 म्हणजे महसुली खर्च: देखभाल, डागडुजी. 3054 वर खर्च केला की तो महसुली तुटीत धरला जातो, आणि तूट वाढली की वरून डोळे वटारतात. 5054 वर तोच रुपया टाकला की ती ‘मालमत्ता निर्मिती’. त्यात 2020-21 पासून केंद्र राज्यांना पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं, तेही फक्त भांडवली खर्चाला. म्हणजे नवा पूल बांधायचा तर बिनव्याजी पैसा, जुन्याचं बेअरिंग, म्हणजे खांब आणि वरचा भाग यांच्यामधली उशी, बदलायचं तर घरचा पैसा. तुम्ही वित्त सचिव असता तर काय केलं असतं? नव्या पुलाची फीत कापता येते. बेअरिंग बदललं त्याची फीत कशावर बांधणार?

एकदा एका पुलाच्या ड्रेनेजच्या नळीत पिंपळ उगवला होता. बोटभर रोप. ते काढून नळी साफ करायचं बिल माझ्या टेबलावर आलं, रक्कम काही हजार. शेरा पडला, ‘पुढच्या तिमाहीत.’ पुढच्या तिमाहीत पावसाळा होता. त्यानंतर अनुदान संपलं होतं. दोन वर्षांनी त्या बोटभर रोपाचं मनगट झालं होतं आणि काँक्रीटला भेग गेली होती. मग दुरुस्तीचा अंदाज लाखांत आला, तेव्हा मात्र फाइल झपझप हलली. मोठी रक्कम दिसली की सगळ्यांनाच हुरूप येतो.

राहिलं वित्त आयोगाचं. बाराव्या आयोगाने रस्ते-पुलांच्या देखभालीला राज्यांना 15,000 कोटी वेगळे दिले. तेराव्याने, म्हणजे विजय केळकरांच्या आयोगाने, 19,930 कोटी. अट अशी की राज्याने आपला नेहमीचा खर्च कमी करायचा नाही, हे वर टाकायचे. चौदाव्याने अशी कामवार अनुदानं बंद केली: करांतला वाटा वाढवलाय, तुमचं तुम्ही बघा. तत्त्व म्हणून पटतं. पण ज्याचं त्याने बघायचं म्हटलं की 3054 कुणीच बघत नाही.

भेंडीवाल्याची लेक
बाबा पादऱ्याहून टेम्पोत भाजी भरून बोरसदला नेतात. पूल होता तेव्हा पहाटे चारला निघून उजेडायच्या आत पोचायचे. आता वळसा घालून उमेट्याने नाहीतर वासदने जावं लागतं. तीनला उठतात. डिझेल वाढलं ते वाढलंच, पण भेंडी उशिरा पोचली की भाव पडलेला असतो. मला 3054 कळत नाही. एक रुपया द्यायला बाबा आजही तयार होतील, त्यांचे रोज त्याच्या कितीतरी पट जाताहेत. पण पूल पडायच्या आधी मागितला असता तर त्यांनीही काकांसारखंच उत्तर दिलं असतं, हेही खरं.

लॅबवाला
खरा मुद्दा कुणी काढलाच नाही. रस्ता खराब कोण करतं? 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत इलिनॉयला मोठा प्रयोग झाला, खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले. त्यातून नियम निघाला की धुरीवरचं (ॲक्सलवरचं) वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. कारच्या धुरीवर अर्धा टन, ट्रकच्या धुरीवर दहा टन. वजन वीसपट, नुकसान 1,60,000 पट. आणि दांडियाबाजारकरांची स्कूटर? ती काय डांबर खरवडणार! तरी स्कूटरवाल्याकडूनही लिटरला एक आणि ट्रककडूनही लिटरला एक. ट्रक किलोमीटरमागे कारच्या चार-पाचपट इंधन जाळतो, लाखपट नाही.

छाणी ट्रान्सपोर्ट
आलं आमच्यावर. दर वेळी येतं.

साहेब, धुरीवरची मर्यादा आम्ही ठरवली का? 2018 मध्ये सरकारनेच चार चाकांच्या धुरीला 10.2 टनांवरून 11.5 टन केली. माल भरणारा म्हणतो एवढा नेतोस तर ने, नाहीतर मागे दुसरा उभा आहे. वजनकाट्यावर काय चालतं ते लिहायला लावू नका. त्यात 15 ऑगस्ट 2016 पासून गुजरातच्या राज्य महामार्गांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला टोल माफ, आम्ही भरतोच आहोत. 2025 मध्ये राष्ट्रीय महामार्गावर कारवाल्यांना तीन हजारांत 200 फेऱ्यांचा पास आला. ट्रकला आहे का? आमच्यावर आणखी कर लावाल तर तो भाड्यात जाईल, भाड्यातून खंडेराव मार्केटच्या कांद्यात. खाणार तुम्हीच.

लॅबवाला
कांद्यात जाऊ दे की. रस्ता झिजवण्याची किंमत कांद्यात दिसलीच पाहिजे, आज ती पुलाखाली दडलेली आहे. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्यांकडून वजन आणि किलोमीटर बघून रस्त्याचे पैसे घेतात, कित्येक वर्षं. 2024 च्या एप्रिलपासून विजेच्या गाड्यांकडूनही.

पण एक दुरुस्ती माझ्याच बोलण्यात. चौथा घात हा डांबरी रस्त्याचा हिशेब आहे. पूल ट्रकने झिजतो, पण साचलेल्या पाण्याने, गंजाने, अडकलेल्या बेअरिंगने जास्त मरतो. गंभीऱ्याच्या प्राथमिक चौकशीनंतर सरकारने पेडेस्टल (बेअरिंगखालचा चौथरा) आणि आर्टिक्युलेशन (पुलाच्या भागांचा सांधा) चिरडल्याचं सांगितलं होतं. त्यासाठी वजनकाटा पुरत नाही. कुणीतरी खाली उतरून हातोडी मारून आवाज ऐकावा लागतो. पोकळ काँक्रीटचा आवाज वेगळा येतो, एकदा ऐकला की विसरत नाही.

बॅटरीवाली
माझी स्कूटर विजेवर चालते. त्या एक रुपयातला माझा वाटा शून्य. आभारी आहे 🙂

दांडियाबाजारकर
हे मात्र डोक्यात नव्हतं. पाच-दहा वर्षांत निम्मी स्कूटरं विजेवर गेली तर खातं रिकामं.

फतेहगंजवाला
ते सगळं राहू द्या, आमच्या गल्लीत परवा भुवा (रस्ता खचून भगदाड) पडला, अख्खी रिक्षा मावेल एवढा. त्यावर बॅरिकेड लावलंय आणि आता पोरं त्यात बॉल घालवताहेत. आणि अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पहिल्या पावसात भरतं. याला पैसे कोण देणार?

हिशेबनीस
ती महापालिकेची पिशवी, वेगळी. भुवा बहुतेक वेळा खालची गटाराची किंवा पाण्याची लाइन फुटून पडतो, वर डांबर ओतून बरा होत नाही. इथे मिसळू नका, नाहीतर आज रात्री कुणी झोपणार नाही.

दांडियाबाजारकर
माझं मत थोडं हललंय. नवा रुपया नको. आहे त्या 4 टक्के सेसमधला ठरलेला भाग कायद्याने देखभालीला बांधून टाका. अवजड गाड्यांना किलोमीटर आणि वजनावर आकार लावा, पण सोबत वजनकाट्यावर कॅमेरे लावा, नाहीतर छाणीवाल्या भाऊंची तक्रार रास्तच आहे. आणि केंद्राने बिनव्याजी कर्जाचा एक हिस्सा जुन्या पुलांच्या मोठ्या दुरुस्तीला राखून ठेवावा.

रावपुऱ्याचे काका
‘बांधून टाका’ म्हणता. जयकरांचा पैसाही रस्त्यालाच बांधलेला होता. मी नाही म्हणतोय ते लिहून ठेवा.

छाणी ट्रान्सपोर्ट
कॅमेऱ्याला माझी हरकत नाही. बाकीच्याला आहे.

भेंडीवाल्याची लेक
हिशेबनीस काका, तुमचं वाचून आज उमेट्याकडे जाताना एका छोट्या पुलावर मुद्दाम थांबले. कठड्याच्या खाली, नळीच्या तोंडाशी, खरंच पिंपळाचं रोप. बाबांनी वाकून उपटलं. पानं हातात आली, मूळ आतच राहिलं.

हिशेबनीस
उपटू नका ताई, तुटतं आणि जोमाने फुटतं. वरून कापायचं, कापल्या जागी औषध घालायचं, पूर्ण मेलं की नळी मोकळी करून भेग बुजवायची. पुलाचा किलोमीटर नंबर दगडावर लिहिलेला असेल तो इथे टाका, अर्ज मी लिहून देतो.