ठमीचं पहिलं वेत : शनिवारची रात्र, सोसायटी ग्रुप

शनिवार

मीनल बी-३०२, दु. ४:१०
सगळ्यांना कळवते. आपली आवारातली कुत्री ठमी व्यायला टेकली आहे. सकाळपासून तोंडाला काही लावलेलं नाही, बी विंगमागे माती उकरत होती, आता धापा टाकतेय. दुपारी थर्मामीटर लावला, ९८.८ फॅरनहाइट आलं. कुत्र्यांचं एरवी १०१ ते १०२.५ असतं. ते १०० च्या खाली उतरलं की साधारण बारा ते चोवीस तासांत कळा लागतात. मागच्या आठवड्यात एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी कवट्या आणि कणे मोजून पाच पिल्लं सांगितली होती. तिला जुन्या टेबल टेनिसच्या खोलीत नेलं आहे. मुलांना आज तिकडे पाठवू नका. गर्दी आणि आवाज झाला की घाबरून तिच्या कळा थांबतात.

पाटील ए-५०१, दु. ४:२२
मीनल, तिची काळजी मलाही आहे. पण माझी चार वर्षांची मुलगी त्याच खोलीसमोरून सायकल काढते. व्यालेली कुत्री अंगावर येते हे मी पाहिलेलं आहे. परवानगी कोणी दिली आणि हे किती दिवस?

गोखले सेक्रेटरी, दु. ४:३५
परवानगी मी दिली. तुमचा प्रश्न रास्त आहे. दाराला कडी राहील आणि सायकली सी विंगखाली हलवू. २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची व्यवस्था करायची जबाबदारी सोसायटीवर आहेच, तीही मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीखाली व्याली असती तर तुमच्या मुलीला जास्त धोका होता. पिल्लं साधारण आठ आठवड्यांची होईपर्यंत खोली लागेल.

पाटील ए-५०१, दु. ४:३८
कडी असेल तर हरकत नाही. सायकली मीच हलवतो, आत्ता.

शुभदाकाकू सी-१०२, दु. ४:५०
मीनल, सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू आहेत. एक कुस्करून दुधात देऊ का? ताकद लागेल तिला.

मीनल बी-३०२, दु. ४:५८
काकू, आत्ता फक्त पाणी. या वेळी दिलेलं उलटून पडतं. लाडूत मनुका असतील तर नंतरही नको, मनुकांनी कुत्र्यांची किडनी जाते. तुमच्या जुन्या सुती साड्या मात्र हव्या आहेत, जितक्या असतील तितक्या. आणि घरात रबरी गरम पाण्याची पिशवी असेल तर तीही. जानेवारीची थंडी आहे आणि नवजात पिल्लांना कुडकुडून अंग गरम करता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते.

देशमुखकाका ए-१०४, सायं. ५:१५
पहिलारू आहे, वेळ घेणारच. आमच्याकडे फलटणला पहिल्या वेताची गाय रात्र रात्र फेऱ्या मारायची. पण कुत्रीचं मला माहीत नाही. किती वेळ थांबायचं आणि कधी घाबरायचं, ते सांगून ठेव. रात्री तुला विचारत बसायला नको.

मीनल बी-३०२, सायं. ५:४०
काका, बरं झालं विचारलंत. मोठा मेसेज आहे, पण ज्यांना रात्री मदत करायची आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आत्ता चाललंय ती तयारी. गर्भाशयाचं तोंड उघडतंय, बाहेरून काही दिसत नाही. सहा ते बारा तास जातात, पहिल्या वेताला चोवीससुद्धा. यात आपण काहीही करायचं नाही, कोपऱ्यात शांत बसायचं.

खऱ्या कळा ओळखू येतात. पोट आक्रसतं, पाठीची कमान होते, शेपूट बाजूला जातं. तिथून घड्याळ सुरू. जोराच्या, लागोपाठ कळा येऊन वीस ते तीस मिनिटांत पिल्लू आलं नाही तर ती अडली आहे असं धरायचं आणि गाडी काढायची. कळा मंद असतील, मध्ये ती झोपली तर घाबरायचं नाही. दोन पिल्लांत तास-दीड तास जातो. पण आत पिल्लं आहेत हे माहीत असताना दोन तास उलटले, तर ती शांत दिसली तरी निघायचं. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट काळा स्राव दिसला तर मिनिटही थांबायचं नाही, वार, म्हणजे प्लॅसेंटा, आत सुटली असा त्याचा अर्थ. तोच स्राव पहिल्या पिल्लानंतर आला तर तो नेहमीचा.

म्हणून आज रात्री जे काही दिसेल ते इथे लिहायचं, वेळेसकट. रात्री दोन वाजता माणसाला दहा मिनिटं तासासारखी वाटतात आणि तास दहा मिनिटांसारखा. डॉक्टर पहिला प्रश्न "कधीपासून?" हाच विचारतात. रात्री कोण ड्युटीवर आहे ते मी फोन करून विचारून ठेवलं आहे. दवाखाना वीस मिनिटांवर आहे.

रोहन बी-६०१, सायं. ५:४४
गाडी माझी. पेट्रोल भरून गेटजवळ लावतो. फोन सायलेंटवर ठेवणार नाही.

मीनल बी-३०२, रात्री ९:५०
खरी कळ. ९:५०.

मीनल बी-३०२, रात्री १०:१२
पहिलं आलं! मादी. ठमी घाबरून मागे सरकली, पिल्लाभोवतीची पिशवी फाडलीच नाही. पहिल्या वेताला असं होतं, समोर काय पडलंय हेच तिला उमगत नाही. मी तोंडावरची पिशवी फाडली, नाकातोंडातलं पाणी पुसलं, टॉवेलने खसाखसा चोळलं. ओरडलं तशी तिने मान वळवली आणि चाटायला लागली. नाळ तिनेच तोडली.

शुभदाकाकू सी-१०२, रात्री १०:१४
देवा. बरं झालं गं.

देशमुखकाका ए-१०४, रात्री १०:१५
वार पडली का?

मीनल बी-३०२, रात्री १०:२७
पडली, १०:२५ ला. तिने खाल्लीही. एक-दोन खाऊ देणार, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात. काका, प्रत्येक पिल्लाची वार वेगळी असते, मी मोजतेय.

देशमुखकाका ए-१०४, रात्री ११:०४
मीनल, मी दारातून बघतोय. मागचे पाय आधी आलेत. उलटं आहे. गाईत असं झालं की आम्ही डॉक्टरला बोलावतो.

मीनल बी-३०२, रात्री ११:०९
आलं, ११:०७. नर, मस्त ओरडतोय. काका, कुत्रीत दहातली चारेक पिल्लं मागच्या पायांनीच येतात, ते नेहमीचंच धरतात. भीती असते ती पाय आत दुमडलेले राहून नुसती शेपटी आली तर. तुम्ही जवळ राहा.

मीनल बी-३०२, रात्री १२:३०
दुसऱ्यानंतर एक तास तेवीस मिनिटं. ती झोपली आहे, पिल्लं पितायत. पहिलं दूध, चीक, पोटात जातंय हे महत्त्वाचं. वाट बघतेय.

मीनल बी-३०२, रात्री १२:४१
जोराची कळ. १२:४१.

मीनल बी-३०२, रात्री १२:५५
चौदा मिनिटं. लागोपाठ कळा. काही दिसत नाही. ती पोटाकडे वळून कण्हतेय.

निखिल सी-३०१, रात्री १२:५७
माझ्या मित्राची कुत्री अशीच अडली होती, कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत मोकळी झाली. चोवीस तास उघडं मेडिकल आहे, मी बाइकवर जाऊन आणतो.

डॉ. अनुजा सी-४०४, रात्री १२:५९
निखिल, नको. मी माणसांच्या बाळंतपणाची डॉक्टर आहे, प्राण्यांची नाही, पण ते इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, मी रोज वापरते आणि त्याला भिऊन वापरते. आत वाट अडलेली असेल तर गर्भाशय बंद दारावर ढकलत राहतं. ते फाटू शकतं. वार अवेळी सुटून मागच्या पिल्लांचा प्राणवायूही तुटतो. आत काय आहे ते न बघता हे इंजेक्शन कुणीही देऊ नये.

निखिल सी-३०१, रात्री १:००
समजलं. मग मी काय करू?

मीनल बी-३०२, रात्री १:०३
बावीस मिनिटं. शेपटीचं टोक दिसतंय, पाय नाहीत. निघतोय. रोहन, गाडी रॅम्पपाशी आण. निखिल, दवाखान्यात फोन कर आणि हेच सांग: पहिलं वेत, पाच पिल्लं, दोन झाली, शेवटचं ११:०७ ला, १२:४१ पासून जोराच्या कळा, शेपटी आधी. काकू, गरम पाण्याची पिशवी साडीत गुंडाळून खोक्यात एका बाजूला. सगळीकडे नको, पिल्लांना गरम झालं तर सरकायला जागा हवी. दोन्ही पिल्लं सोबत नेतेय, ती मागे राहिली तर ठमी गाडीत बसणार नाही.

देशमुखकाका ए-१०४, रात्री १:०६
हात घालून सोडवू का? गाईची वासरं सोडवलीत मी.

मीनल बी-३०२, रात्री १:०७
नको काका. जागा दोन बोटांची आहे, आणि पाय हाताशी नसताना ओढलं तर शेपटी तुटते, आतून जखम होते. तुम्ही गाडीत तिचं डोकं मांडीवर घ्या. तुमच्याजवळ ती शांत असते.

रोहन बी-६०१, रात्री १:३१
पोहोचलो. फोन केल्यामुळे डॉक्टर दारातच उभे होते.

पाटील ए-५०१, रात्री १:५०
काही कळलं का? जागा आहे.

मीनल बी-३०२, रात्री २:०५
तिसरं पिल्लू डॉक्टरांनी जेल लावून, पाय एकेक करून सरळ करत काढलं. गेलेलं होतं. आम्ही खूप चोळलं, पण नाही.

सोनोग्राफीत उरलेल्या दोघांचे ठोके दिसले. ते दोनशेच्या वर हवेत. एकशे ऐंशीच्या खाली गेले तर पिल्लू त्रासात आहे, एकशे साठच्या खाली गेले तर लगेच सिझर. एकाचे २१०, दुसऱ्याचे १९५. डॉक्टर म्हणाले थोडं थांबता येईल, पण गर्भाशय दमलंय. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून सलाइनमधून हळूहळू कॅल्शियम देतायत.

मीनल बी-३०२, रात्री २:४०
आता ऑक्सिटोसिन दिलं, अगदी थोडं.

निखिल सी-३०१, रात्री २:४२
तेच इंजेक्शन?

डॉ. अनुजा सी-४०४, रात्री २:४६
तेच. पण आता अडलेलं पिल्लू निघालं आहे, वाट मोकळी आहे, उरलेल्यांचे ठोके पडद्यावर दिसतायत आणि शेजारी ऑपरेशनची तयारी आहे. एक वाजता ज्याने ती मेली असती, त्यानेच आता मोकळी होईल.

मीनल बी-३०२, पहाटे ३:०२
चौथं, मादी. ३:००.

मीनल बी-३०२, पहाटे ३:५५
पाचवं ३:२४ ला आलं, निपचित. मोबाइलवरच्या व्हिडिओंत पिल्लू हातात धरून झोके देताना दाखवतात, तसं कधीही करू नका, मेंदूला इजा होते. डॉक्टरांनी नाक-तोंड रबरी फुग्याने ओढून साफ केलं, मान खाली ठेवून चोळत राहिले, प्राणवायू दिला. कितीतरी वेळ काहीच नाही. मग एक उचकी, मग दुसरी. आता श्वास घेतंय. नर आहे.

देशमुखकाका ए-१०४, पहाटे ३:५८
चार पिल्लं आणि आई. ठमी पाणी प्यायली.

रविवार

शुभदाकाकू सी-१०२, स. ९:२०
मीनल, ते तिसरं आपण आधी निघालो असतो तर वाचलं असतं का? रात्रभर तेच मनात आहे.

मीनल बी-३०२, स. ९:४५
काकू, मीही डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, पिल्लू बहुधा १२:४१ च्या आधीच गेलं होतं. मेलेलं पिल्लू स्वतः वळत नाही, म्हणूनही ते असं अडकतं. सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर मागची दोन गेली असती आणि कदाचित ठमीही. देशमुखकाकांनी आणि रोहनने त्याला सकाळी बकुळीखाली पुरलं. मुलांना खरं सांगा, लपवू नका. त्यांनी मला विचारलं तर मीही सांगेन.

पाटील ए-५०१, स. ९:५२
मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पिल्लांना कधी बघता येईल?

मीनल बी-३०२, स. १०:१०
डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. त्यानंतर, मोठ्या माणसाबरोबर, दोन-दोन मुलं. तोपर्यंत ठमीला वाटायला नको की कुणी पिल्लं न्यायला आलंय.

आता पुढचं. वजनं घेतली, २१० ग्रॅमपासून २८५ ग्रॅमपर्यंत. पहिल्या दिवशी थोडं घटतं, मग रोज वाढायलाच हवं, आठ-दहा दिवसांत दुप्पट. सगळ्यात लहान तोच पाचवा, त्याला मागच्या सडांशी लावायचा, तिथे दूध जास्त असतं. गाईचं दूध कुणीही पाजू नका. पिल्लू गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलं तर पचत नाही. ठमीला दिवसातून चार वेळा भात, चिकन, अंडं, आणि पाण्याचं भांडं सतत भरलेलं.

काकू, कॅल्शियमचं औषध कुणी आणून दिलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रात्री सलाइनमधून दिलं ते वेगळं. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: पहिले तीन-चार आठवडे ती थरथरायला लागली, पाय ताठ करून चालली, उगाच धापा टाकत पिल्लांकडे दुर्लक्ष करू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलंय असं समजायचं. काही तासांत जीव जाऊ शकतो. पिल्लं बाजूला काढायची आणि थेट दवाखाना. मी घरी नसले तर रोहन, तो नसला तर निखिल.

लालसर तपकिरी स्राव तीन-चार आठवडे चालेल. त्याला घाण वास आला किंवा ताप चढला तर मला फोन करा, कितीही वाजता.

निखिल सी-३०१, स. १०:१८
हिची नसबंदी कधी? पुन्हा हिला यातून न्यायला नको.

मीनल बी-३०२, स. १०:२५
पिल्लं अंगावरची सुटली आणि दूध आटलं की लगेच. डॉक्टरांशी बोलले आहे. पिल्लांचं पहिलं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांत. दोघांसाठी घरं विचारून ठेवली आहेत, दोघांसाठी शोधायची आहेत.

गोखले सेक्रेटरी, स. १०:४०
दवाखान्याचं बिल मी टाकतोय, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं, सक्ती नाही. रात्री अकरा आणि पहाटे पाचला एकदा खोलीत डोकावून वजन, ऊब आणि ठमीचं अंग बघायचं आहे. तीन आठवड्यांची वही दाराला अडकवतो. आज रात्री नऊपर्यंत नावं आणि दिवस कळवा.

पाटील ए-५०१, स. १०:४४
मंगळवार पहाट.

देशमुखकाका ए-१०४, स. १०:४५
सगळ्या रात्री अकरा. मी नाहीतरी जागाच असतो.